गियरच्या सायकलीचा जुना शॉकअप: उघडायचा, बदलायचा की काढून टाकायचा?
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं आणि त्यावर कुणाचा ना कुणाचा शॉकअप उघडून पडलेला असतो. जळगावातले शेजारी, भुसावळ-चोपड्याचे मित्र, धुळ्याहून बसच्या टपावर सायकल टाकून आलेला एखादा कॉलेजचा पोरगा. विचारतात सगळे तेच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: शॉकअपचं वय आणि त्यावरचं स्टिकर बघून काही ठरवू नका. वरच्या दोन चकचकीत नळ्या काय सांगतात ते बघा. नळ्या शाबूत असतील तर बाकीचं बहुतेक सगळं हाताने सुधारता येतं. नळ्या गेल्या असतील तर पैसे ओतून उपयोग नाही.

आधी भागांची नावं सांगा. दुकानात गेल्यावर गोंधळ होतो.

पुढच्या चाकाला धरणारा तो चिमटा. त्यात स्प्रिंग किंवा हवा असली की आपल्याकडे त्याला सरसकट शॉकअप म्हणतात. हँडलकडे जाणारी उभी नळी म्हणजे दांडा. खाली दोन चकचकीत नळ्या, त्यांना धरणारा वरचा आडवा भाग म्हणजे क्राउन. नळ्या ज्या जाड पायांत वर-खाली सरकतात त्या पायांच्या आत बुश, म्हणजे नळीला आधार देणाऱ्या कड्या, असतात आणि तोंडाशी रबरी सील. एका पायात बहुधा स्प्रिंग असते. दुसऱ्यात धक्का जिरवणारी तेलाची यंत्रणा किंवा नुसतं लॉक, म्हणजे शॉकअप हलू न देणारी कळ, असतं. स्वस्त शॉकअपमध्ये हा दुसरा पाय जवळजवळ रिकामा निघतो. उघडल्यावर लोकांना वाटतं काहीतरी हरवलं. हरवलेलं नसतं, कंपनीनेच तसा दिलेला असतो.

सायकल दहा वर्षांची आहे. शॉकअप दुरुस्तीच्या लायक आहे का, हे न उघडता कळेल का?

बरंचसं कळतं. सायकल उजेडात उभी करा, ओल्या फडक्याने नळ्या पुसा आणि बोटाचं नख वरून खाली फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर उत्तम. पुढून आणि मागून नीट बघा, बाजूने नाही. खड्ड्यात चाक मागे ढकललं जातं, ब्रेक दाबला की पाय मागे वाकू बघतात, त्यामुळे झीज नळीच्या पुढच्या-मागच्या अंगालाच होते. अ‍ॅल्युमिनियमच्या काळ्या किंवा सोनेरी नळीवर तिथला रंग उडून पांढुरका पट्टा दिसत असेल तर वरचा कठीण थर संपला. तो परत येत नाही.

मग हँडलवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार द्या. खाली जाताना अडखळला, पण भार काढल्यावर सावकाश का होईना वर आला, तर आत कोरडं पडलं आहे, साफसफाईने सुधारेल. खालीच राहिला तर स्प्रिंग तुटलेली, गंजून चिकटलेली किंवा हवा गळालेली. अजिबात हललाच नाही तर आधी लॉकची कळ बघा. माझ्याकडे ‘जाम झाला’ म्हणून आलेल्या शॉकअपपैकी काही केवळ लॉक होते.

पुढून खडखड वाजतं. शॉकअप गेला का?

आधी हेडसेट तपासा, म्हणजे दांड्याच्या वरच्या-खालच्या बेरिंगा. पुढचा ब्रेक आवळून धरा, हँडल नव्वद अंशात वळवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. एका हाताची बोटं क्राउनच्या वरच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल लागली तर छर्रे आणि वाट्यांचं काम आहे, ते गल्लीतला सायकलवालाही तासाभरात करून देतो. आता हँडल सरळ करून बोटं नळी जिथे पायात शिरते तिथे, सीलवर ठेवा. तिथे टकटक लागली तर बुश झिजलेत.

बुशचा थोडा ढिलेपणा जुन्या शॉकअपमध्ये असतोच. हलवल्यावर डोळ्यांना दिसण्याइतका असेल, तर मात्र माझ्या मते तो शॉकअप संपला. बुश दाबून बसवायला त्याच मापाची हत्यारं लागतात आणि स्वस्त मॉडेलचे सुटे बुश मिळतच नाहीत.

आपल्याकडेच शॉकअप इतक्या लवकर का खराब होतात?

फुफाटा आणि प्रेशरचं पाणी. वयाचा नंबर त्यांच्या नंतर.

फागुनापासून मृगापर्यंत आपल्या शेतरस्त्यांवर जो फुफाटा असतो तो पिठासारखा बारीक. तापीकाठचा असो की गिरणेकाठचा, नळीवर तेलाचा पातळ पापुद्रा असतो त्यावर तो बसतो. शॉकअप खाली गेला की सील त्याला खरवडून बाहेर टाकू बघतं, पण सीलचं ओठ वाळलेलं असेल तर तो आत ओढला जातो. आत ग्रीस असतंच. धूळ अधिक ग्रीस म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, दुसरं काही नाही. ती बुशही खाते आणि नळीही.

पावसाळ्यात उलटं. काळी माती पायांच्या कमानीत आणि ब्रेकपाशी भरते, चाक फिरेनासं होतं, आणि मग माणूस वैतागून सायकल मोटारसायकली धुवायच्या सेंटरवर नेतो. तिथला पोरगा प्रेशरचा नॉझल थेट सीलवर धरतो. माती निघते, पाणी आत जातं. ते पाणी पायाच्या तळाशी साचून राहतं, कारण त्याला बाहेर पडायला वाटच नसते. स्टीलची नळी असेल तर सीलच्या रेषेवर गंजाचं कडं पडतं. बरेच चांगले पाय मॅग्नेशियमचे असतात, ते आतून पांढरे पडून खरवडत जातात.

म्हणून बादली, मग्गा आणि जुनं सुती फडकं. माती वाळू द्यावी, हाताने मोकळी करावी, मग वरून पाणी सोडावं. सीलभोवती फक्त ओलं फडकं. एवढं पाळलं तर पुढचे निम्मे प्रश्न विचारायची वेळच येणार नाही.

घरी उघडता येईल का? काय काय लागतं?

स्प्रिंगवाला शॉकअप असेल तर येतो, मनात शंका ठेवू नका. एलन-कीचा संच, एक-दोन पाने, रबरी किंवा लाकडी हातोडी, लांब काठीला गुंडाळलेली चिंधी, आणि सीलला न खाणारं ग्रीस. सनटूरचे एक्ससीटी, एक्ससीएम हे आपल्याकडच्या गियरच्या सायकलींवर सर्रास दिसणारे शॉकअप याच प्रकारातले.

चाक काढा, ब्रेक सोडवा. पायांच्या तळाशी एकेक बोल्ट किंवा नट असतो. तो चार-पाच फेरे ढिला करा, पण पूर्ण काढू नका. इथेच लोक चुकतात. पूर्ण काढला तर पायातली सळई ठोकून मोकळी करायला हाताशी काही उरत नाही. ढिल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीने एक-दोन बेताचे ठोके द्या. ‘टक’ असा भरीव आवाज येतो आणि बोल्ट आत जातो. मग दोन्ही बोल्ट काढून पाय सरळ खाली ओढा. बोल्टसोबत पायातली सळईही फिरत असेल तर कुणाला तरी शॉकअप दाबून धरायला सांगा, स्प्रिंगच्या जोराने सळई अडते.

मागच्या उन्हाळ्यात यावलकडचे एक आप्पा पुतण्याची सायकल घेऊन आले होते. केळीच्या बागेतून रोजचं येणं-जाणं. ओट्यावर बसून म्हणाले, “भो, हाई नीट व्हई का?” पाय ओढले तेव्हा आतून राखाडी रंगाचा लगदा निघाला, ओल्या सिमेंटसारखा, बोटात चुरला की कचकच लागणारा. मूळ ग्रीसचा मागमूस नव्हता. स्प्रिंगला गंजाची साल धरली होती, आणि त्या सगळ्याखाली नळ्या मात्र आरशासारख्या. आप्पांनी नळीत स्वतःचा चेहरा बघितला आणि काही न बोलता पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. दीड तासाचं काम, खर्च ग्रीसचा आणि चहाचा.

साफ करताना काठीची चिंधी पायात घालून फिरवा, काळी येईल. दुसरी घाला, ती राखाडी येईल. चिंधी घातली तशीच कोरी बाहेर येईपर्यंत काम सोडू नका. बुशांना आणि सीलच्या ओठांमधल्या खोबणीत ग्रीस बोटाने भरा, स्प्रिंगला सगळीकडून पातळ हात द्या, म्हणजे ती वाजत नाही. पाय परत चढवताना सीलचं ओठ आत दुमडत नाही ना, हे बघत सावकाश ढकला. तळाचे बोल्ट घट्ट करा, पण लोखंडी गेटच्या बोल्टसारखे आवळू नका. आतले आटे नाजूक असतात, ते गेले की शॉकअप गेला.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल, यात धुतलं तर?

धातूचे सुटे भाग, स्प्रिंग, बोल्ट यांना चालेल, नंतर पूर्ण कोरडे करा. सील, ओ-रिंग (गोल रबरी कड्या) आणि प्लास्टिकचे बुश त्यात बुडवू नका. रबर फुगतं, मऊ पडतं आणि परत बसवताना नळीला करकचून धरतं. रबराला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, केमिस्टकडे मिळतं. ग्रीसचंही तसंच. ट्रॅक्टरच्या निपलात भरायचं जाड ग्रीस डब्यात पडलेलं असतं म्हणून लावू नये. ते घट्ट असतं, शॉकअप त्यात रुतल्यासारखा चालतो. सस्पेन्शनचं मऊ ग्रीस ऑनलाइन छोट्या डबीत मिळतं आणि एक डबी कितीतरी वेळा पुरते.

नळीवर ओरखडा आहे, गंजाचे ठिपके आहेत. क्रोम करून मिळेल का?

एकच बारीक ओरखडा असेल तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त उठलेली धार मोडा. खळगा खोल असेल तर त्यात नेलपॉलिशचा थेंब भरा, वाळू द्या आणि तोच पेपर हलक्या हाताने फिरवून सपाट करा. हसू नका, हा उपाय खरंच टिकतो, कारण सीलला हवी असते ती सपाट वाट.

स्टीलच्या नळीवर वरवरचे ठिपके असतील आणि ते सीलच्या सरकण्याच्या पट्ट्याच्या वर, क्राउनजवळ असतील तर साफ करून तेलाचा हात देऊन विसरून जा. ठिपके सरकण्याच्या पट्ट्यातच असतील तर ते दर वेळी सील कापतात. मोटारसायकलच्या नळ्यांना हार्ड क्रोम करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. पण सायकलची नळी क्राउनमध्ये दाबून बसवलेली असते, ती काढणं-बसवणं आणि क्रोमनंतर अचूक मापाला घासणं, या सगळ्यात नव्या शॉकअपचे पैसे जातात. करू नका.

सील मिळत नाहीत. मोटारसायकलचं ऑइल सील बसेल का?

बेरिंगच्या दुकानात व्हर्नियर घेऊन जा. आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची, ही तीन मापं जुळली तर बसतं. बसतं म्हणजे चालतं असं नव्हे. मोटारसायकलचं सील जड गाडीसाठी असतं, त्याची स्प्रिंग ओठाला घट्ट आवळते. सायकलवर माणसाचं वजन तेवढं नसतं, मग बारीक खड्ड्यांवर शॉकअप हलतच नाही. नाइलाज म्हणून मी वापरलं आहे, सुचवणार नाही. मॉडेलचं नाव आणि नळीचा व्यास टाकून ऑनलाइन शोधा. अठ्ठावीस, तीस, बत्तीस मिलिमीटरच्या सीलचे जोड बहुधा सापडतात. सीलखाली फोमची रिंग असेल तर ती फेकू नका, धुऊन तेलात भिजवून परत बसवा. नळीला ओलं ठेवायचं काम तीच करते.

हवेवरचा शॉकअप घरी उघडावा का?

आधी हवा पूर्ण सोडा. पूर्ण म्हणजे व्हॉल्व्ह दाबून, शॉकअप दाबत दाबत, परत व्हॉल्व्ह दाबून. भरलेल्या शॉकअपचं झाकण उघडलं तर ते गोळीसारखं उडतं. या बाबतीत मी कुणालाही घाई करू देत नाही.

त्यानंतरचं काम अवघड नाही. पाय काढून साफ करणं स्प्रिंगवाल्यासारखंच, फक्त इथे ग्रीसऐवजी पायांत थोडं तेल जातं आणि ते सिरिंजने मोजून घालावं लागतं. किती, ते कंपनीच्या त्या मॉडेलच्या पत्रकात असतं. अंदाजाने जास्त घातलं तर आत हवेला जागा उरत नाही आणि शॉकअप शेवटपर्यंत दबत नाही. हवा गळत असेल तर दोष बहुधा चार-पाच ओ-रिंगांत असतो. हवेच्या बाजूचं काम करा, धक्का जिरवणाऱ्या बंद डब्याला मात्र हात लावू नका, तो पुण्या-मुंबईच्या जाणत्या माणसाकडे पाठवा. रॉकशॉक्स आपल्या शॉकअपचे पाय दर पन्नास तासांच्या चालवण्यानंतर साफ करायला सांगते. आपल्या धुळीत हा आकडा जास्तच उदार आहे.

हवा भरायला पंपही वेगळा लागतो, लहान नळकांड्याचा आणि मोठ्या दाबाचा. टायरच्या पंपाने किंवा पेट्रोलपंपावर भरू नका.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष. जानेवारीत पहाटे १० अंशांत १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले आणि तीच सायकल मे महिन्यात ४२ अंशांत काढली, तर आतला दाब साधारण ११३ पीएसआय होतो. हवा तेवढीच, उन्हाने ताणलेली. म्हणून ‘उन्हाळ्यात शॉकअप दगड झाला’ अशी तक्रार आली की मी आधी दाब मोजतो. मोजायचाही सावलीत, सायकल तासभर पत्र्याखालून बाहेर काढून ठेवल्यावर. अंगाच्या भाराने शॉकअप आपल्या एकूण चालीच्या, म्हणजे वर-खाली सरकण्याच्या अंतराच्या, पाव हिश्शापर्यंत बसला पाहिजे.

काकांनी परदेशातून आणलेली नव्वदच्या दशकातली सायकल आहे. तिचा शॉकअप?

हा प्रश्न आला की मला आनंद होतो. पॉल टर्नरने अमेरिकेत रॉकशॉक्स सुरू केली ती १९८९च्या सुमारास, आणि १९९० साली कोलोराडोतल्या दुरँगोला माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा झाली तेव्हा ग्रेग हर्बोल्ड उताराची शर्यत त्यांच्याच आरएस-वनवर जिंकला. त्या शॉकअपची चाल जेमतेम दोन इंच होती. तुमच्या काकांची सायकल त्या सुरुवातीच्या पिढीच्या जवळची आहे.

त्या काळच्या बऱ्याच शॉकअपांत, रॉकशॉक्स असो की मॅनिटू, स्प्रिंगऐवजी रबरासारख्या इलास्टोमरचे ठोकळे असत. थंडीत ते कडक होतात, उन्हात मऊ, आणि तीस वर्षांनी त्यांचा डिंक होतो. उघडल्यावर पायात चिकट तपकिरी गोळा मिळाला तर घाबरू नका, तोच तो. तो खरवडून काढावा लागतो आणि दिवस जातो. बदली ठोकळे किंवा स्प्रिंगचा संच परदेशात काही जण बनवतात, पण ती वाट महागडी. १९९७ साली आलेली मार्झोकीची बॉम्बर झेड-वन मात्र वेगळी. आत साधी स्प्रिंग आणि उघडं तेल, जवळजवळ मोटारसायकलसारखी रचना. तशी हाती आली तर जपा.

रोज चालवायची असेल तर त्यावर साधा चिमटा बसवा आणि मूळ शॉकअप साफ करून, तेलाचा हात देऊन घरात ठेवा. काकांच्या आठवणीसाठी करायचं असेल तर खर्चाचा हिशोब मला विचारू नका, जरूर करा.

सरळ नवा घेतला तर?

मिळाला तर. अडचण तिथेच आहे. सव्वीस इंची चाकासाठी चांगले नवे शॉकअप आता कमी येतात. बाजार साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचावर गेला आहे आणि त्यांचा दांडा खाली जाड होत जाणारा असतो. तुमच्या फ्रेमची पुढची नळी सरळ असेल तर तो आत शिरणारच नाही. जुना दांडा बहुतेक वेळा एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे २८.६ मिलिमीटरचा असतो. त्याहून जुन्या सायकलींवर इंचाचा आणि आट्यांचा. शिवाय ब्रेक. व्ही-ब्रेकच्या (चाकाच्या रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) खुंट्या पायावर असाव्या लागतात, डिस्कसाठी डावीकडे कान. आणि उंची: चिमटा वीस मिलिमीटरने लांबला तर हँडलचा कोन सुमारे एक अंशाने ढळतो आणि घाटात चढताना पुढचं चाक भरकटतं.

मग साधा चिमटा?

मनापासून सांगतो, गावातल्या गावात, कॉलेज-बाजार, महामार्गाच्या कडेने फिरणाऱ्यांसाठी हाच उत्तम उपाय आहे. एक्ससीटीसारखा शॉकअप अडीच किलोच्या घरात, स्टीलचा साधा चिमटा किलो-सव्वा किलोचा. फरक पहिल्याच चढावर पायांना कळतो. मूळ शॉकअपच्या उंचीला जुळणारा, लांब पायांचा बघून घ्या. टायर थोडं जाड टाका आणि हवा थोडी कमी ठेवा.

पण पाटणादेवीच्या जंगलवाटा, पालकडचे सातपुड्यातले दगडी रस्ते, तोरणमाळचा उतार, अशा ठिकाणी नेहमी जाणाऱ्याने चालू शॉकअप काढू नये. तासाभराच्या दगडी उतारानंतर मनगटं बधिर होतात आणि ब्रेकवरची पकड सुटते.

खर्च कुठे थांबवायचा?

साफसफाई आणि ग्रीस: नेहमी करा, प्रश्नच नाही. सील आणि ओ-रिंग: नळ्या चांगल्या असतील तरच. एकूण खर्च त्याच दर्जाच्या नव्या शॉकअपच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायला लागला की मी हात थांबवतो.

ऑनलाइन जुना शॉकअप घ्यावा का?

मी एकदा घेतला. दुसऱ्या शहरातल्या विकणाऱ्याने ‘एकदम चालू’ म्हणून पाठवला, फोटो छान होते, सगळे समोरून आणि बाजूने काढलेले. पार्सल फोडून नळी फिरवली तर मागच्या अंगाला तळहाताएवढा थर उडालेला. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी नळ्यांच्या मागच्या बाजूचा फोटो, शॉकअप पूर्ण उघडलेल्या अवस्थेत, आणि दांड्याची टेपने मोजलेली लांबी मागतो. दांडा आधीच आखूड कापलेला असेल तर तुमच्या फ्रेमला पुरत नाही, आणि वेल्डिंग करून तो कधीही वाढवू नये.

कुठल्या शॉकअपला हातच लावू नये?

क्राउनला केसाएवढी जरी भेग असेल तर. दांडा वाकलेला असेल तर. चाक अडकवायच्या खाचेला तडा असेल तर. पायाला कुणी आधी वेल्डिंग केलं असेल तर. हे चार भंगारात, आणि भंगारात देताना दांडा करवतीने कापून द्या, म्हणजे कुणी उचलून परत सायकलला लावणार नाही. लहान मुलांच्या शोभेच्या शॉकअपमध्ये उघडण्यासारखं काही नसतं. तो वाजायला लागला की गल्लीतून तसाच दुसरा आणा.

उघडायचा तर पावसाळ्याआधी की नंतर?

एकदाच करणार असाल तर नंतर. नवरात्रात रस्ते कोरडे पडतात, आत शिरलेलं पाणी तोवर तळाशी असतंच. ते काढून ग्रीस भरलं की थंडीभर सायकल नीट चालते. दोनदा जमलं तर दुसरी वेळ मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत. मधल्या काळात सायकल पावसात भिजून आली तर रात्रभर उलटी उभी करून ठेवा, हँडल आणि सीट जमिनीवर, चाकं वर. तळाशी जाऊ पाहणारं पाणी सीलकडे उतरतं, फोमची रिंग तेलाने ओली होते. सकाळी नळीवर ओलसर गढूळ कडं दिसेल, ते कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि मगच सायकल सरळ करा.